शेवटच्या रांगेतून तारामती

छाती ४२, खांदा १७, बाही कोपरापर्यंत, पुढचा गळा खोल नको. तुळशीच्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात एक मुलगा हे माप कागदावर लिहून माझ्या दुकानात ठेवून गेला. सोबत मोरपंखी साटीन आणि दोन मीटर जरीची लेस. कुडाळच्या बाजारात मी चौदा वर्षं ब्लाउज शिवते. माप वाचलं की बाई डोळ्यांसमोर उभी राहते, तिची चाल, तिचे खांदे, सगळं. या मापाची बाई काही केल्या उभी राहीना. दुसऱ्या दिवशी तो मुलगा परत आला तेव्हा विचारलं. म्हणाला, "काकांचो आसा तो. दशावतारात स्त्रीपार्ट करतत."

दशावतार, म्हणजे आमच्याकडचं देवळापुढचं रात्रभराचं नाटक, मी आईच्या मांडीवर झोपून पाहिलेला आहे. आमच्या सिंधुदुर्गात जत्रा म्हणजे पालखी, खाजं आणि रात्रभर दशावतार, पहाटे दहीकाला फुटला की घरी. जुनी माणसं तर खेळालाच धयकालो म्हणतात. पण हरिश्चंद्राच्या राणीचा, तारामतीचा ब्लाउज कोण शिवतं, हा प्रश्न इतक्या वर्षांत मला एकदाही पडला नव्हता. मापावर विश्वास ठेवून काम करणं मला जमत नाही, म्हणून निरोप धाडला की अंगावर घालून बघायला स्वतः या.

आले. पन्नाशीचे, काटक, हाताला काजूच्या चिकाचे काळे डाग. दिवसा बागेत काम, रात्री राणी. आरशासमोर उभे राहिले आणि ब्लाउज घातल्या घातल्या पहिली गोष्ट केली ती म्हणजे दोन्ही हात डोक्यावर नेले. मग उजवा हात मागे, डावा छातीशी, मान वळलेली. माझ्या दुकानात रोज बायका ब्लाउज घालून बघतात. त्या समोर बघतात, बाजूने बघतात, हात वर करून कोणी बघत नाही. "मुंढो सैल ठेव," म्हणाले, म्हणजे बाहीचा काखेजवळचा घेर. "आणि हूक मोठे लाव, पुढून. आत बदलूक वेळ नसता." एका रात्रीत कधी दोन-दोन पात्रं करावी लागतात, पडद्यामागे दिवा मिणमिणता, बारीक हूक हाताला लागत नाही. बाही कोपरापर्यंत का, तेही सांगितलं. दंडाचे स्नायू झाकायला. लेस दंडावर जिथे सर्वांत रुंदी आहे तिथे नाही, तिच्या खाली दोन बोटं लावायची, म्हणजे नजर खाली उतरते आणि दंड बारीक वाटतो. हे मला शिवणक्लासात कुणी शिकवलं नव्हतं.

मला फोटो काढायचा नाद आहे. जुना घेतलेला कॅमेरा, त्यासोबत आलेली झूम लेन्स, आणि पुढे पैसे साठवून घेतलेली, कमी उजेडातही चालणारी ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स. लग्नाच्या साड्या, बाजारातल्या फुलवाल्या, वेंगुर्ल्याच्या बंदरावरचे रंगीत पडाव, असं काहीबाही काढत असते. त्यांना विचारलं, तुमचा वेष चढताना फोटो काढू का. जरा वेळ गप्प राहिले. "ये. पण पेटारो पुजल्याबिगर कॅमेरो बाहेर काढू नको."

पहिली रात्र वाया गेली. मी झूम लेन्स घेऊन गेले होते आणि अंधारात तिला काही दिसेना, म्हणून फ्लॅश मारला. चेहऱ्यावर सफेदा असतो, म्हणजे झिंक ऑक्साइड. समोरून कडक उजेड पडला की तो तसाच्या तसा परत फेकतो. फोटोत नाक नाही, गाल नाही, नुसती पांढरी थाळी आणि त्यात दोन काळे डोळे. त्याहून वाईट म्हणजे पेटीवर बसलेले नाईक वाजवता वाजवता थांबून माझ्याकडे बघायला लागले. पेटीवाल्याला, म्हणजे गाणं म्हणणाऱ्याला, आमच्याकडे नाईक म्हणतात. पखवाज आणि झांज त्याच्या दोन्ही बाजूंना, आणि सगळा खेळ त्याच्या इशाऱ्यावर. मध्यंतरात त्यांनी मला बोलावलं. रागावले नाहीत. "बाय, ती बत्ती मारू नको. डोळे दिपले की पाऊल चुकता." त्या रात्रीनंतर फ्लॅश मी दुकानातच ठेवला.

दुसऱ्या जत्रेला ५० ची लेन्स, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद) ६४००, शटर सेकंदाचा पाचशेवा भाग. हालचाल गोठवायची ठरवून गेले होते. घरी येऊन बघते तर प्रत्येक फोटोवर आडवे पट्टे, एक उजळ एक काळसर, राणीच्या कपाळावरून एक गेलेला आणि कमरेवरून दुसरा. मला वाटलं कॅमेरा बिघडला. कारण वेगळं होतं. आपली वीज सेकंदाला ५० फेरे घेते आणि मांडवात टांगलेले स्वस्त एलईडी दिवे त्यामुळे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला कळत नाही, पण घाईचं शटर त्या लुकलुकण्याच्या मधल्या कुठल्या तरी तुकड्यात सापडतं. शटर शंभराव्या भागावर आणलं की एक पूर्ण लाट पकडली जाते आणि पट्टे जातात. पन्नासाव्या भागावर दोन. म्हणजे या दिव्यांखाली मला शंभर किंवा पन्नास, एवढीच मुभा. शंभराव्या भागात गिरकी गोठत नाही. तेव्हा हे मला संकट वाटलं.

रंगपटाबद्दल मात्र सावकाश सांगायला हवं.

रंगपट म्हणजे देवळाच्या सभामंडपाला लागून असलेली पडवी, किंवा शाळेची खोली, किंवा नुसती चार ताडपत्र्यांची आडोशाची जागा. नऊ-साडेनऊला कंपनीचा टेम्पो येतो. आधी पेटारा उतरतो. पूर्वी तो डोक्यावरून गावोगाव नेत. त्यात गणपतीचा मुखवटा असतो, मुकुट असतात. जागा झाडून पेटारा मांडतात, हळदकुंकू, फूल, अगरबत्ती. मग जो वयाने मोठा तो गाऱ्हाणं घालतो आणि प्रत्येक वाक्यावर सगळे "होय म्हाराजा" म्हणतात. मी पण म्हणत असे. त्यानंतरच लोखंडी ट्रंका उघडतात.

मग कुणीतरी विचारतं, आज काय? आख्यान तेव्हा ठरतं. लिहिलेली संहिता नाही. नाईक आणि राजपार्टी, म्हणजे राजाचं काम करणारा, चटईवर बसून कथा कुठून कुठे न्यायची ते बोलतात, कोण किती वेळ, कुठे पद, कुठे युद्ध. पंधरा-वीस मिनिटं. पुढचे चार-पाच तास जे बोलायचं ते रंगमंचावर उभं राहून सुचायचं. ऐन वेळी सुचणाऱ्या या बोलण्याला पुराण पाठ लागतं, आणि ते त्या माणसांना असतं. दिवसा रिक्षा चालवणारा माणूस रात्री विश्वामित्र होऊन वसिष्ठाशी शब्दाला शब्द भिडवतो तेव्हा मला अंगावर काटा येतो, अजूनही.

काका भिंतीशी पाठ टेकून बसतात, मांडीवर हाताच्या तळव्याएवढा आरसा. रंग स्वतःच लावतात, प्रत्येक जण आपापला. जुने लोक मुरदाडशिंग वापरायचे. आता तयार रंगाच्या कांड्या आणि पावडर मिळते. खोबरेल तेलाचा हात फिरवून पाया, गालावर लाल, मग काजळ. काजळाला सर्वांत जास्त वेळ. वरची रेघ पापणीच्या बाहेर जवळजवळ कानशिलापर्यंत जाते. भुवई खऱ्या भुवईच्या वर काढलेली. जवळून हा चेहरा चांगला दिसत नाही, हे मी स्पष्ट लिहिते. रंगाच्या कडा दिसतात, घामाच्या वाटा दिसतात, दाढीची निळसर झाक वर येते. आणि मी सगळे फोटो जवळून काढत होते. डोळा, ओठ, बोटावरचं काजळ. असे फोटो लोकांना आवडतात, मला ठाऊक आहे, मलाही आवडत होते.

मग गंगावन आणि अंबाडा, त्यावर अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा. फुलं जत्रेतूनच आणतात. मग साडी. परकराची नाडी दोघांनी ओढून बांधायची, कारण साडीचा सगळा भार तिच्यावर. साडेपाच मीटरची सहावारी, जड काठाची. निऱ्या मोजून सात, बोटभर रुंद. निऱ्या खोचल्यावर ते एकदा उकिडवे बसतात, उठतात, पाय लांब टाकून बघतात. मी विचारलं तेव्हा म्हणाले, स्मशानात रोहिदासाला मांडीवर घ्यायचं असतं, निरी सुटली तर रडणारी माणसं हसतील. खांद्यावर पदराला तीन पिना. शेवटी दागिने, पायात चाळ. चाळ बांधताना ते बोलत नाहीत. बांधून झाले की जमिनीला हात लावून कपाळाला लावतात, उभे राहतात, आणि त्या क्षणापासून त्यांना काका म्हणायला माझी जीभ वळत नसे. त्यांची मान बदललेली असे. खांदे तेच, १७ इंचांचे, मीच मोजलेले. पण ते आत ओढलेले, एक जरा पुढे, आणि कोपर अंगाला चिकटलेलं. दंड बारीक दिसतो तो निम्मा माझ्या लेसमुळे आणि निम्मा त्या कोपरामुळे.

पुरुषाने बाई होऊन नाचण्याची रीत आपल्या किनाऱ्याला नवी नाही. शिमग्यात रत्नागिरीकडे गोमू नाचते, आमच्याकडे रोंबाटात राधा. पण तिथे नाच थोडा वेळ आणि अंगणातला. इथे एक माणूस रात्रभर एका बाईचं आयुष्य जगतो.

तारामतीची रात्र आली माघात. पालखीच्या प्रदक्षिणा होऊन खेळ उभा राहायला साडेअकरा झाले. आधी आड दशावतार, म्हणजे आख्यानाआधीचा पूर्वरंग. गणपती, ऋद्धी-सिद्धी, सरस्वती, आणि मालवणीत बोलणारा काळा संकासूर, ज्याला बघायला जागी ठेवलेली पोरं तो गेल्यावर लगेच झोपतात. हल्ली कंपन्या हा भाग आखडता घेतात. मला ते रुचत नाही, पण रात्र छोटी झालीय हेही खरं. नेपथ्य म्हणजे मागे एक पडदा आणि पुढे एक बाक. तेच सिंहासन, तेच झोपडीचं दार, तीच चिता.

मी नेहमीसारखी पुढे, पेटीच्या बाजूला जमिनीवर. गर्दी इतकी की कुणाच्या तरी पायाचा धक्का सारखा लागत होता. शेवटी उठले आणि कंटाळून मागे जाऊन बसले, अगदी शेवटी, देवळाच्या पायरीपाशी. शेजारी एक आजी गोधडी पांघरून. कॅमेरा बघून म्हणाली, "थय जवळ बसून काय दिसता गो? हयसून बग."

बघितलं. तीस-पस्तीस हातांवरून त्या चेहऱ्यात एक रेघ जास्त नव्हती. कानशिलापर्यंत गेलेलं काजळ इथे नुसता डोळा होतं, मोठा, पाणावलेला. घाम नाही, रंगाच्या कडा नाहीत. साटिनची चकाकी, जिला मी दुकानात स्वस्त म्हणत होते, इथे रेशीम झाली होती. वीस रुपये मीटरची लेस सोन्याची. मी चौदा वर्षं एका हातावर उभ्या असलेल्या आरशासाठी शिवतेय. हा वेष आरशासाठी शिवलेलाच नाही. तो या गोधडीतल्या आजीसाठी आहे, आणि तिच्या आजीसाठी होता, जेव्हा एलईडी नव्हते, गॅसबत्ती होती, त्याआधी नुसते पलिते. त्या हलत्या पिवळ्या उजेडात, शेवटच्या रांगेत, डोळे असल्याचं कळावं म्हणून ते एवढे मोठे.

पिंगुळीच्या चित्रकथीतल्या माणसांचे डोळे असेच टपोरे असतात. पिंगुळी कुडाळपासून हाकेच्या अंतरावर आहे. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आम्ही दुकानदारांनी पेढे वाटले होते. ती चित्रंही रात्री देवळात, दिव्याच्या उजेडात, एकेक पान दाखवत सांगायची. मला वाटतं त्या चित्रकारांना आणि काजळ घालणाऱ्या काकांना एकच गणित माहीत होतं.

मग मी त्या पायरीवरून हललेच नाही. मागून अख्खी तारामती दिसत होती, डोक्यापासून चाळांपर्यंत. पहिल्या दरबाराच्या प्रवेशात ती नाचत आत येते. पखवाज चढतो, ती एक, दोन, तीन गिरक्या घेते आणि समेवर थांबते. अंग थांबतं. पदर थांबत नाही. जड काठाचा तो पदर आणखी अर्धा फेरा हवेत फिरतो आणि मग येऊन तिच्या कमरेला बिलगतो. पुढे बसून मला हे कधी दिसलंच नव्हतं, कारण मी चेहऱ्यात अडकलेली. आणि त्या अर्ध्या फेऱ्यासाठीच ते साडीला जड काठ मागतात, खाली दुहेरी फॉल लावून घेतात. मी शटर पन्नासाव्या भागावर ठेवलं. समेवर चेहरा स्थिर असतो, तो स्पष्ट आला; पदर फिरत असतो, तो पुसटला, पंख्यासारखा. ज्याला मी संकट समजत होते त्याच शटरने तो फोटो दिला. एका जत्रेत नाही जमला. पुढच्या सगळ्या जत्रांत मिळून समेवर नेमकं बोट पडलं असं म्हणावं असे चार.

राज्य गेल्यावर तारामती दागिने उतरवते, ते रंगमंचावरच. बाजूबंद, कमरपट्टा, शेवटी वळेसर. एकेक काढून बाकावर ठेवायचा, मागे पेटीचा नुसता एक सूर. मग आत जाऊन सुती साडीत बाहेर येते. त्या वेळी मी फोटो काढले नाहीत. आजी गोधडीच्या टोकाने डोळे पुसत होती, आणि मी पण.

मार्गशीर्ष ते चैत्र, नऊ रात्री. हजारभर फोटोंतून मी बारा निवडले आणि छापायला दिले. एका लॅबने ते परस्पर "सुधारून" छापले. चेहरे गुळगुळीत, काजळाची रेघ मऊ, सावळे हात गोरे. मला फार वाईट वाटलं. जो रंग त्या माणसाने तासभर बसून विचाराने लावला, त्यावर मशीनने दुसरा रंग थापला होता. ते परत केले. दुसरीकडे जाऊन, काहीही सुधारायचं नाही असं कागदावर लिहून, समोर उभी राहून छापून घेतले. आठ बाय बारा इंचाचे, चकाकी नसलेल्या कागदावर.

वैशाखात शेवटची जत्रा झाल्यावर ते दुकानात आले. बाहेर आंब्याच्या पेट्या भरून टेम्पो चाललेले. कटिंगच्या टेबलावर मी बारा फोटो मांडले. जवळून काढलेले सहा, मागून काढलेले सहा. मुद्दाम काही न बोलता. जवळच्या फोटोंवरून त्यांनी नजर फिरवली. डोळ्याच्या फोटोवर थांबले, चांगला आहे म्हणाले, बाजूला ठेवला. "हां मी आसंय," म्हणाले, रंगपटातल्या त्यांच्या अर्ध्या रंगलेल्या चेहऱ्याकडे बोट करून. मग गिरकीचा तो लांबचा फोटो उचलला. पुढे माणसांच्या काळ्या डोक्यांच्या रांगा, एका बापाच्या खांद्यावर झोपलेलं पोर, आणि पलीकडे उजेडात वीतभर उंचीची तारामती, पदर हवेत.

"माका हो होयो."

चश्मा लावला, फोटो दाराशी उजेडात नेला. बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं पदराबद्दल काही म्हणतील. त्यांनी बोट ठेवलं ते काखेवर. वर उचललेल्या हाताखाली, मोरपंखी साटिनवर, एक बारीक तिरकी चुणी पडली होती. वीतभर आकृतीत जेमतेम नखाएवढी. मी तो फोटो शंभरदा पाहिला असेन, मला ती दिसली नव्हती.

"हय ओढता," म्हणाले. "मागच्याक दिसता ता."

मुंढा मी सैल ठेवला होता. तरी हात पूर्ण वर गेला की कापड बगलेतून ताणलं जातं. आईच्या जुन्या चोळ्यांना बगलेत चौकोनी कळी, म्हणजे जोडलेला कापडाचा तुकडा, असायची, ती हल्ली कुणी घालत नाही. मी टेप काढली. त्यांनी शर्टाची बटणं सोडली, आरशाकडे पाठ केली आणि हात डोक्यावर नेले.